चेंडूचं घर आणि त्याचं भाडं

'जिमखाना' हा शब्द आपण इतक्या सवयीने वापरतो, की तो आला कुठून, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मी शब्दांवर पोट नसलं तरी जीव लावून बसलेला माणूस, म्हणून मला पडतो. जाणकारांचं म्हणणं असं, की मूळ शब्द बहुधा 'गेंदखाना'. गेंद म्हणजे चेंडू आणि खाना म्हणजे जागा, घर. दवाखाना, कारखाना, तोफखाना यांचाच हा सख्खा भाऊ. साहेबाच्या जिभेवर हा गेंदखाना गेला, तिथे त्याच्यावर 'जिम्नॅस्टिक'ची सावली पडली आणि त्याचा जिमखाना झाला. एका अर्थी अस्सल हिंदुस्थानी शब्द, पण अंगावर विलायती कोट.

चेंडूचं घर! कल्पना मोठी गोड आहे. पण घर म्हटलं की दोन प्रश्न येतातच. दारातून आत कुणाला घ्यायचं आणि घराचं भाडं कुणी भरायचं. आज मला या दोन प्रश्नांबद्दलच बोलायचं आहे आणि त्यासाठी खेळ निवडला आहे तो टेनिस. का? तर इतर खेळांत हे प्रश्न थोडेफार झाकले जातात. टेनिसमध्ये ते झाकता येत नाहीत.

आधी मुंबईकडे पाहू. १८७५ साली बॉम्बे जिमखाना उभा राहिला, तो फक्त युरोपियनांसाठी. मग आपल्याकडच्या पुढाऱ्यांना वाटलं, आपलंही असं काही असावं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत समुद्राकाठी, आज जिथे मरीन ड्राइव्ह आहे तिथे, पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना असे ओळीने उभे राहिले. ज्याचा धर्म त्याचा चेंडू. क्रिकेटचे सामनेही तसेच. १९१२ पासून चौरंगी, १९३७ पासून पंचरंगी, आणि संघांची नावं हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन अशी. लोक गर्दी करायचे, खेळही उत्तम व्हायचा, पण मैदानावर माणसं जमातींची म्हणून उतरायची. १९४० साली गांधीजींनी या धर्मवार सामन्यांना उघड विरोध केला आणि १९४६ पर्यंत ते बंद पडले.

पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना सुरू झाला. त्याच्या १९१९ च्या क्रीडास्पर्धा पाहून संस्थेचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांच्या मनात ऑलिंपिकचा विचार पक्का झाला आणि १९२० साली अँटवर्पला भारताचा छोटा संघ गेला. त्यात बेळगावचे चौगुले होते, कुस्तीगीर नवले आणि शिंदे होते. पाय आणि छाती एवढ्या भांडवलावर खेळता येतील असेच खेळ होते ते. टेनिसची गोष्ट वेगळी होती.

टेनिस कुठे वाढलं? घरात किंवा क्लबात. पंडिता क्षमा राव यांचं उदाहरण मला फार आवडतं. १८९० साली पुण्यात जन्मलेल्या या बाई संस्कृतात काव्य आणि कथा लिहीत. वडील शंकर पांडुरंग पंडित म्हणजे तुकोबांच्या गाथेच्या 'इंदुप्रकाश' आवृत्तीला ज्यांचा हात लागला ते विद्वान. आणि क्षमाबाई उत्तम टेनिस खेळत, स्पर्धाही जिंकत. त्यांची मुलगी लीला राव १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. आजोबा गाथेचे संपादक, आई संस्कृत कवयित्री आणि नात विम्बल्डनला! असं घराणं आपल्या भाषेच्या अंगणात होऊन गेलं याचा आनंद वाटतो. पण या घरात विद्येबरोबर साधनंही होती, हे विसरून चालत नाही. १९३९ साली विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचलेला पहिला भारतीय गौस मोहम्मद. तो मलिहाबादचा, म्हणजे आंब्यांच्या आणि जोश साहेबांच्या गावचा. अशी नावं बोटांवर मोजण्याइतकीच. कारण चेंडूच्या या घराला दार फार अरुंद होतं.

दुसरं दार उघडलं ते कॉलेजने. विद्यापीठाच्या संघात घेताना जात विचारायची सोय नव्हती. मुंबई विद्यापीठाचा मुलगा म्हणजे मुंबई विद्यापीठाचा, मग तो गिरगावातला असो की भेंडीबाजारातला. १९३५-३६ पासून विद्यापीठांमध्ये रोहिंटन बारिया करंडकासाठी क्रिकेट सुरू झालं. शेजारी पंचरंगी सामने रंगात असतानाच या स्पर्धेत तरुण पोरं धर्माचं नाही, तर आपल्या विद्यापीठाचं नाव पाठीवर घेऊन खेळत होती. ही गोष्ट आपण पुरेशी आठवत नाही. स्वातंत्र्यानंतर १९५६-५७ पासून सर्व खेळांत मिळून सरस ठरणाऱ्या विद्यापीठाला मौलाना आझादांच्या नावाचा करंडक मिळू लागला. मद्रासच्या लॉयोला कॉलेजातून रामनाथन कृष्णन आले, १९६० आणि १९६१ अशी दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचले. त्याच कॉलेजातून पुढे विजय अमृतराज आले. म्हणजे कॉलेजातून टेनिस खेळाडू निघू शकतो, हे आपल्या देशाला ठाऊक होतं.

मग पुढे झालं काय?

तुम्ही कॉलेजात गेला असाल तर फीची पावती आठवा. माझ्या बी.ए.च्या पावतीवर ग्रंथालय, परीक्षा, ओळखपत्र अशा रकान्यांबरोबर एक रकाना असायचा, 'जिमखाना फी'. रक्कम किरकोळ. त्या बदल्यात मिळायचं काय? एक खोली, तिच्यात दोन कॅरम बोर्ड, एक टेबल टेनिसचं टेबल आणि क्रिकेटचं कुलूपबंद कपाट. या सगळ्यावर एकच माणूस, ज्याला आम्ही 'जिमखान्याचे सर' म्हणायचो. सरकारी भाषेत शारीरिक शिक्षण संचालक. कबड्डीचा संघ निवडायचा तोच, बुद्धिबळाची नावं पाठवायची ती त्यानेच, स्पर्धेला जायचं तर प्रवासभत्त्याचे कागद करायचे तेही त्यानेच. एका माणसाने वीस खेळ सांभाळायचे. तो प्रशिक्षक कसा होणार? तो फार तर कारकून होतो, भला असेल तर पालक होतो.

टेनिसचा संघ अशा कॉलेजात कागदावरच तयार होतो. मुलगा किंवा मुलगी लहानपणापासून वडिलांच्या पैशावर कुठल्या तरी अकादमीत शिकलेली असते. कॉलेज तिला हजेरीत सवलत देतं आणि ती कॉलेजला ढाल आणून देते. देवघेव बरी आहे, पण यात कॉलेजने खेळाडू घडवला असं म्हणता येत नाही. घडवला तो घराने. म्हणजे फिरून आपण क्षमाबाईंच्या काळाशी येऊन थांबतो.

आता अमेरिकेत हे कसं झालं ते पाहू. कारण कॉलेज टेनिस ही मूळ त्यांचीच वस्तू. तिथे कॉलेजांमधली पहिली टेनिस स्पर्धा १८८३ साली झाली आणि हार्वर्डच्या जोसेफ क्लार्कने ती जिंकली. १९०६ साली कॉलेजांच्या खेळांवर देखरेख करणारी संघटना निघाली, तिलाच पुढे एनसीएए हे नाव मिळालं. आर्थर अ‍ॅश, स्टॅन स्मिथ, जिमी कॉनर्स, जॉन मॅकेन्रो हे सगळे एनसीएएचे विजेते. स्टॅनफर्डच्या डिक गूल्ड या एका प्रशिक्षकाने १९६६ ते २००४ अशी अडतीस वर्षं एकाच कॉलेजात काढली आणि सतरा वेळा राष्ट्रीय सांघिक अजिंक्यपद मिळवलं. आपल्या जिमखान्याच्या सरांशी तुलना करा. गूल्डकडे एकच खेळ होता आणि तेवढंच त्याचं काम होतं.

पण तिथेही दार सगळ्यांना सारखं नव्हतं. बिली जीन किंग १९६१ साली, सतरा वर्षांची असताना, विम्बल्डनची महिला दुहेरी जिंकून लॉस एंजेलिसच्या कॉलेजात परतली. तिला शिष्यवृत्ती नव्हती. त्याच शहरातल्या मोठ्या विद्यापीठांत मुलांना टेनिसच्या शिष्यवृत्त्या मिळत होत्या आणि ही विम्बल्डन विजेती नोकऱ्या करून शिकत होती. हे चित्र बदललं ते १९७२ साली. शिक्षणविषयक कायद्यात 'टायटल नाइन' नावाचं कलम आलं. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी भेद करता येणार नाही, एवढंच ते सांगतं. त्यात टेनिसचं नावसुद्धा नाही. पण त्याने टेनिसचा हिशेबच फिरवला.

कसा ते सांगतो. अमेरिकन फुटबॉलच्या संघात मुलांसाठी पंचाऐंशी शिष्यवृत्त्या. तेवढी मोठी तुकडी पाळणारा मुलींचा खेळ नाही. मग पारडं सारखं करायला इतर खेळांत मुलींना जास्त जागा द्याव्या लागल्या. म्हणून वरच्या श्रेणीच्या विद्यापीठात मुलींच्या टेनिस संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या आणि मुलांच्या संघाला मिळून साडेचार, असा नियम अनेक वर्षं होता. आठ म्हणजे आठ मुलींची फी, राहणं, जेवण, पुस्तकं. साडेचार म्हणजे प्रशिक्षकाने त्याचे तुकडे करायचे, कुणाला अर्धी, कुणाला पाव. सामना सहा एकेरी आणि तीन दुहेरी असा असतो, म्हणजे निदान सहा खेळाडू हवेतच. त्यावर दुखापतींसाठी दोन-चार राखीव. शिवाय मुख्य प्रशिक्षक, त्याचे सहायक, दुखणं पाहणारा फिजिओ, रॅकेटचं गटिंग, चेंडूंचे डबे, विमानाची तिकिटं. टेनिस पाहायला तिकीट काढून फारसं कुणी येत नाही. म्हणजे उत्पन्न जवळपास शून्य. मग हा खर्च कोण करतं? तर बहुतेक मोठ्या विद्यापीठांत फुटबॉल करतं. त्याच्या प्रेक्षकांची तिकिटं आणि टीव्हीचे हक्क यांतून जो पैसा येतो, त्यावर टेनिस, पोहणं, जिम्नॅस्टिक अशी भावंडं वाढतात. एकत्र कुटुंबात एक मिळवता भाऊ असतो ना, तसं.

या कुटुंबाचा फायदा आपल्या मुलांनीही घेतला. महेश भूपती मिसिसिपी विद्यापीठात होता. १९९५ साली त्याने अली हमादे या लेबनॉनच्या जोडीदाराबरोबर एनसीएएची दुहेरी जिंकली आणि दोनच वर्षांनी फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकून ग्रँड स्लॅम विजेता पहिला भारतीय झाला. व्हर्जिनिया विद्यापीठाचा सोमदेव देववर्मन २००७ आणि २००८ असा लागोपाठ दोनदा एनसीएएचा एकेरीतला विजेता. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने एकेरीचं सुवर्ण मिळवलंच, शिवाय सनम सिंगबरोबर दुहेरीचंही. सनमसुद्धा व्हर्जिनियाचाच! म्हणजे भारताच्या त्या सुवर्णपदकाची तालीम अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या कोर्टावर झाली होती.

आणि आपली ऋतुजा भोसले. अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आता अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, श्रीरामपूरची ही मुलगी २०१४ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली आणि तिथल्या संघातून खेळली. या विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एक लाखाहून जास्त माणसं बसतात. श्रीरामपूरच्या मुलीच्या टेनिसमागे त्या लाखभर टेक्सासकरांनी काढलेली तिकिटं होती, असं म्हटलं तर ते फार चुकीचं ठरणार नाही. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. पहिला सेट २-६ असा गमावून, दुसरा ६-३ घेऊन आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा मारून. आपण पेढे वाटले, ते बरोबरच होतं. पण त्या पेढ्यांतली साखर कुठल्या गोदामातून आली, हेही पाहायला हवं.

कारण ते गोदाम आता बदलतं आहे. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनी विचारलं, आमच्या घामाचे कोट्यवधी डॉलर विद्यापीठं घेतात, आम्हाला काय? प्रश्न रास्तच होता. खटले झाले आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने एक मोठी तडजोड मंजूर केली. तिच्याप्रमाणे विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली आणि तिच्या जागी खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली. या व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांत टेनिसच्या संघात जास्तीत जास्त दहा जण. वरवर पाहता दहाच्या दहा जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येईल. पण देण्याची सक्ती नाही. मिळवत्या भावाने आपला वाटा मागितला की एकत्र कुटुंबात पहिली कुऱ्हाड कुणावर पडते, हे आपल्याला सांगायला नको. कोरोनाच्या काळात, २०२० साली, आयोवा विद्यापीठाने पैशांची ओढ सांगून पुरुषांचा टेनिस संघ बंद करायचं ठरवलं होतं, ते उदाहरण समोर आहेच. तिथल्या वरच्या श्रेणीच्या कॉलेज टेनिसमध्ये निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी आहेत. हात आखडला तर त्याची झळ पुण्या-मुंबईच्या मुलांनाही लागेल.

आपल्याकडे कॉलेजने सोडलेली जागा दुसऱ्या कुणी घेतलीच नाही असं नाही. ती नोकरीने घेतली. रेल्वे, बँका, पोलीस, तेल कंपन्या यांनी खेळाडू पोसले. महाराष्ट्र सरकारने २००५ मध्ये नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण दिलं, परीक्षेत वाढीव गुण दिले. हे चांगलंच आहे. पण ही बक्षिसं झाली. पदक आणा, मग नोकरी घ्या. पदकापर्यंतचा दहा वर्षांचा रस्ता मात्र ज्याचा त्याने चालायचा. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांत गरिबाचं पोर तो चालून जातं. टेनिसमध्ये ते अर्ध्यावर बसतं.

याचं एक कारण साधं, फुटपट्टीने मोजता येणारं आहे. टेनिसच्या कोर्टाच्या रेघा सुमारे चोवीस मीटर लांब आणि अकरा मीटर रुंद. पण मागे-बाजूला पळायला जागा हवी. ती धरली तर साधारण छत्तीस मीटर बाय अठरा मीटर लागतात. कबड्डीचं मैदान तेरा मीटर बाय दहा. म्हणजे टेनिसच्या एका कोर्टात कबड्डीची पाच मैदानं जवळजवळ मावतात. पाच मैदानांवर सत्तर पोरं खेळतील. टेनिसच्या कोर्टावर एका वेळी फार तर चार. आमच्या खोपटसारख्या वस्तीत, जिथे एसटी डेपोच्या आसपास हातभर जागेलाही किंमत आहे, तिथे चार जणांसाठी एवढी जमीन कोण देणार? बाजार तर देणार नाही. ती द्यायची तर सार्वजनिक संस्थेनेच द्यायला हवी, म्हणजे कॉलेज, महापालिका, विद्यापीठ यांपैकी कुणी तरी.

आणि हे अशक्य नाही, याचा दाखला आमच्या ठाण्यातच आहे. ठाणे महापालिकेची बॅडमिंटन प्रशिक्षण योजना आहे. तिला नाव दिलं आहे सय्यद मोदी यांचं. सलग आठ वर्षं राष्ट्रीय विजेता राहिलेला हा रेल्वेतला खेळाडू १९८८ साली लखनऊमध्ये गोळ्यांना बळी पडला. तो ठाण्याचा नव्हता, मराठीही नव्हता, पण या शहराने त्याचं नाव जपलं. श्रीकांत वाड यांच्यासारखा प्रशिक्षक तिथे वर्षानुवर्षं उभा राहिला आणि अक्षय देवलकरसारखे आंतरराष्ट्रीय खेळाडू तिथून गेले. जागा सार्वजनिक, प्रशिक्षक एकाच खेळाचा आणि धीर अनेक वर्षांचा. या तीन गोष्टी जमल्या की खेळाडू घडतो. स्टॅनफर्डमध्ये गूल्डने केलं आणि ठाण्यात वाडांनी केलं, त्यात पैशाचा फरक प्रचंड असेल, पण रीत तीच आहे.

प्रत्येक कॉलेजने टेनिसचं कोर्ट बांधावं असा हट्ट मी धरणार नाही. ते वेडेपणाचं होईल. पण ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या कॉलेजांमध्ये जी हजारो मुलं आज जिमखाना फी भरतात, त्यांच्या पैशांची वेगळी मोट बांधता येणार नाही का? दहा कॉलेजांनी मिळून एक खेळ घ्यायचा, दुसऱ्या दहांनी दुसरा. एकाने मैदान द्यायचं, बाकीच्यांनी प्रशिक्षकाचा पगार उचलायचा. वर्षाच्या शेवटी फी किती जमली, कुठल्या खेळावर किती गेली आणि किती मुलांच्या हातात खरोखर रॅकेट किंवा चेंडू आला, एवढं सूचनाफलकावर लावायचं. हिशेब उघडा झाला की निम्मी कामं आपोआप होतात, असा संसारातलाही अनुभव आहे.

इतिहासातून एवढं नक्की दिसतं, की चेंडूच्या घराचं दार कधी धर्माने अडवलं, कधी पैशाने, कधी बाई म्हणून अडवलं. प्रत्येक वेळी ते उघडलं ते कुणी तरी नियम बदलला म्हणून आणि कुणी तरी भाडं भरायला पुढे आलं म्हणून. श्रीरामपूरच्या एका मुलीचं भाडं टेक्सासने भरलं. पुढच्या मुलीचं आपण भरणार आहोत का, हे आता आपल्यालाच ठरवायचं आहे. गेंदखाना आपलाच शब्द आहे. साहेबाने चढवलेला कोट उतरवून त्याला पुन्हा आपलं म्हणायला काय हरकत आहे?